चार तोंडांचा करूब आणि बिनपंखांचे देवदूत

बुधवारी माहीम स्टेशनात उतरणारी गर्दी लगेच ओळखू येते. बोरिवली, अंधेरीहून थेट आलेले, मुलुंड, घाटकोपरहून दादरला गाडी बदलून आलेले, हातात फुलं आणि मेणबत्त्या घेतलेले हे लोक सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला निघालेले असतात. त्यांत कॅथलिक असतात तसे हिंदू, पारशी, मुसलमानही असतात. १९४८ पासून हा बुधवार चालू आहे. सगळे ज्या चित्रापुढे हात जोडतात ते नित्य साहाय्य मातेचं चित्र आता उपनगरांतल्या हजारो घरांत, रिक्षांत आणि दुकानांच्या गल्ल्यांवरही दिसतं. सोनेरी पार्श्वभूमी, गडद निळ्या वस्त्रातली मरीया, तिच्या हातावर बाळ येशू आणि घाबरून मान वळवताना त्याच्या पायातून निसटलेली, एका बंदावर लोंबणारी चप्पल.

या चित्राच्या वरच्या दोन बाजूंना दोन छोट्या पंखवाल्या आकृती आहेत. बहुतेकांची नजर त्यांच्यावरून घसरून जाते. आपल्या डाव्या हाताच्या आकृतीने भाला आणि काठीवर खोवलेला स्पंज धरला आहे, तर उजवीकडच्या आकृतीकडे क्रूस आणि खिळे आहेत. पुढे येशूला सोसाव्या लागणाऱ्या यातनांची ही साधनं आहेत, आणि बाळ दचकलं आहे ते त्यांच्याचमुळे. डावीकडचा मीखाएल, उजवीकडचा गब्रीएल. ज्या चर्चमध्ये हे चित्र आहे, ते चर्च त्या डावीकडच्याच नावाचं आहे.

हे देवदूत झाले. मग नाताळात आंबोलीच्या, ऑर्लेमच्या किंवा आय. सी. कॉलनीच्या गोठ्यांवर टांगलेला पांढऱ्या झग्यातला तो कोण? शुभेच्छापत्रांवरचं हनुवटीला हात लावून बसलेलं, पंख फुटलेलं गुबगुबीत बाळ कोण? आणि कुणी उत्साहाने बायबल उघडून यहेज्केलचा ग्रंथ वाचायला घेतला, तर तिथे चार तोंडांचं आणि अंगभर डोळे असलेलं जे काही भेटतं, ते कोण? सगळ्यांना ‘एंजल’ म्हणायची सवय असल्यामुळे आपण त्यांची एकच जात धरून चालतो. बायबल तसं धरत नाही. त्याला त्यांच्या जातीपेक्षा त्यांच्या कामात जास्त रस आहे.

आधी पंख उतरवू या

बायबलमध्ये देवदूत सगळ्यात जास्त वेळा येतो तो निरोप्या म्हणून, आणि या निरोप्याला पंख असल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दाराशी बसला आहे. समोर तीन माणसं उभी दिसतात. तो धावत जाऊन त्यांना थांबवतो, पाय धुवायला पाणी देतो, सारेला पीठ मळायला सांगतो, चांगलं कोवळं वासरू कापायला लावतो आणि दही-दुधासकट सगळं त्यांच्यापुढे मांडतो. पाहुणे जेवतात. आपण कुणाला वाढलं, हे यजमानाला नंतर उमगतं. त्यांच्यातले दोघे पुढे सदोम नगरात लोटाच्या घरी मुक्कामाला जातात, तेव्हा गावकरीही त्यांना परगावचे पुरुषच समजतात. पंख दिसले असते तर असा गैरसमज झाला असता का?

याकोबाला स्वप्नात स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी दिसते. तिच्यावरून देवदूत चढताहेत, उतरताहेत. उडता येणाऱ्याला शिडी कशाला लागेल? गिदोनाकडे आलेला दूत झाडाखाली बसतो आणि हातातल्या काठीच्या टोकाने अन्नाला स्पर्श करून अग्नी पेटवतो. शमशोनाच्या जन्माची बातमी घेऊन आलेल्या दूताला बाप नाव विचारतो, तर तो सांगायला नकार देतो. जुन्या गोष्टींतल्या दूतांना नाव नसतं, वंशावळ नसते, स्वभावही नसतो. निरोप पोचला की त्यांचं काम संपतं आणि ते गोष्टीतून निघून जातात.

एक विलक्षण गोष्ट या सगळ्यात जुन्या कथांत दिसते. हागारेशी विहिरीपाशी बोलतो तो परमेश्वराचा दूत, पण दोन-चार ओळींत तो स्वतः परमेश्वर असल्यासारखाच बोलू लागतो. मोशेच्या जळत्या झुडपातही आधी दूत दिसतो आणि आवाज येतो देवाचा. दूत कुठे संपला आणि देव कुठे सुरू झाला, हे त्या काळच्या कथाकारांना फारसं वेगळं करावंसं वाटत नव्हतं. पुढे देवाची कल्पना जसजशी दूरची, उंचावरची, डोळ्यांना न पेलणारी होत गेली, तसतशी मधल्या माणसांची गरज वाढली. देवदूतांची संख्या, नावं आणि हुद्दे वाढण्यामागचं मुख्य कारण हेच आहे.

मग अनेक दूत आल्या आल्या समोरच्याला भिऊ नकोस असं का सांगतात? जखऱ्या घाबरतो, मरीया गोंधळते, बेथलेहेमच्या रानातले मेंढपाळ तर पार भेदरून जातात. लूकने त्या मेंढपाळांच्या प्रसंगात तेजाचा उल्लेख केला आहे, पंखांचा नाही. गोठ्यावरच्या देवदूताला आपण जे पंख लावतो ते आपल्या पदरचे आहेत.

दाराशी राखण

पंख असलेले जीव बायबलमध्ये आहेत, पण ते निरोप घेऊन फिरत नाहीत. त्यांतला पहिला करूब. आदाम आणि हव्वा यांना एदेन बागेतून बाहेर काढल्यावर परत कुणी आत शिरू नये म्हणून देव तिथे करूब ठेवतो आणि जोडीला गरगर फिरणारी ज्वालामय तलवार. म्हणजे बायबलमध्ये करूबाची पहिली नेमणूकच राखणदाराची आहे. पुढे कराराच्या कोशाच्या, म्हणजे देवाशी झालेल्या कराराच्या पवित्र पेटीच्या, झाकणावर सोन्याचे दोन करूब घडवले जातात, समोरासमोर तोंडं केलेले आणि पंखांनी झाकणावर छाया धरलेले.

शलमोनाच्या मंदिरातले करूब तर प्रचंड होते. राजांच्या पहिल्या पुस्तकात त्यांची मापं दिली आहेत. जैतुनाच्या लाकडाचे, सोन्याने मढवलेले, प्रत्येकी दहा हात उंच. एक हात साधारण दीड फुटाचा धरला, तर पंधरा फूट. प्रत्येकाचा एक पंख पाच हातांचा, म्हणजे पसरलेले दोन्ही पंख मिळून दहा हात. दोघे शेजारी उभे केले की वीस हात होतात, आणि गाभारा होता नेमका वीस हात रुंद. बाहेरचे पंख दोन्ही भिंतींना टेकलेले, आतले पंख मधोमध एकमेकांना टेकलेले. त्या पंखांखाली कोश. मूर्ती कुठेच नाही. करूबांच्या वर देव अदृश्यपणे विराजमान आहे, अशी ती कल्पना. एका स्तोत्रात तर देव करूबावर स्वार होऊन येतो. म्हणजे करूब द्वारपाल, सिंहासन आणि वाहन अशा तिन्ही भूमिका निभावतो. गरुड, नंदी, जय-विजय रोजच्या ओळखीचे असलेल्या मराठी वाचकाला हे समजायला अडचण पडू नये.

करूब दिसतो कसा, हे सविस्तर सांगितलं यहेज्केलने. हा यरुशलेमचा पुरोहित. बाबेलच्या राजाने पकडून नेलेल्या लोकांबरोबर तोही परदेशी गेला होता. इ. स. पू. ५९३ च्या सुमारास तिथल्या कबार कालव्याच्या काठी त्याला दृष्टान्त झाला. वादळ, आग, आणि आगीत चार जीव. प्रत्येकाला माणसाचं, सिंहाचं, बैलाचं आणि गरुडाचं अशी चार तोंडं. चार पंख. पाय सरळ, खूर तांब्यासारखे चकाकणारे. प्रत्येकाच्या बाजूला एक चाक, चाकात आडवं बसवलेलं दुसरं चाक, आणि चाकांच्या धावा डोळ्यांनी भरलेल्या. वळायची गरज नाही, कारण चारी दिशांना तोंड आहेच. हे जीव म्हणजेच करूब, असं तो दहाव्या अध्यायात सांगतो. वर्णन चमत्कारिक आहे, पण त्याची बांधणी तर्काला धरून आहे: देवाचं सिंहासन आता एका मंदिरात खिळलेलं नाही, त्याला चाकं आहेत, ते हद्दपार माणसांच्या मागे बाबेलपर्यंत येऊ शकतं.

यहेज्केलच्या आसपासच्या मुलखात अशी मिश्र रूपं दगडात उभी होती. अश्शूरी राजवाड्यांच्या दारांवर माणसाचं डोकं, बैलाचं किंवा सिंहाचं धड आणि गरुडाचे पंख असलेले लामासू पहारा देत. ते बघायला इराकला जायची गरज नाही. फोर्टमधल्या माणेकजी शेठ अग्यारीच्या दाराशी तसेच दोन पंखवाले नृमुख बैल बसले आहेत; पारशी वास्तुकारांनी ते इराणच्या पर्सेपोलिसवरून घेतले आणि इराणी राजांनी ते अश्शूरांकडून उचलले होते. अग्यारीत बिगर-पारशांना प्रवेश नाही, पण हे राखणदार रस्त्यावरूनच दिसतात. शिवनेरीच्या दरवाजांवरचे शरभ ज्यांनी पाहिलेत, त्यांना त्यामागचा विचारही कळेल: दार राखायला एका प्राण्याचं बळ पुरत नाही, म्हणून अनेकांचं एकत्र करायचं.

हेच चार चेहरे नव्या करारात, प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात, वेगवेगळ्या चार प्राण्यांना वाटले गेले आणि पुढे चार शुभवर्तमानकारांची चिन्हं बनले. मत्तयाचा मनुष्य, मार्काचा सिंह, लूकचा बैल, योहानाचा गरुड. चर्चमध्ये कुठे हे चौघे कोरलेले दिसले, तर ती यहेज्केलच्या करूबाची नातवंडं समजावीत.

एकाच अध्यायात भेटणारे सराफीम

करूब पुन्हा पुन्हा येतात. सराफीम मात्र स्वर्गीय जीव म्हणून संपूर्ण बायबलमध्ये एकदाच येतात, यशयाच्या सहाव्या अध्यायात. उज्जीया राजा वारला ते वर्ष, म्हणजे इ. स. पू. ७४० च्या आगेमागे. यशयाला मंदिरात देव उंच सिंहासनावर दिसतो आणि त्याच्याभोवती सराफीम. प्रत्येकाला सहा पंख: दोनांनी तोंड झाकलेलं, दोनांनी पाय झाकलेले, दोनांनी उडणं चाललेलं. देवाचं तेज त्यांनाही सोसत नाही, म्हणून हे झाकणं. ते एकमेकांना हाका घालून तीनदा देव पवित्र असल्याचं गातात. त्या आवाजाने उंबरे हादरतात आणि मंदिर धुराने भरतं. मग त्यांच्यातला एक चिमट्याने वेदीवरचा निखारा उचलून यशयाच्या ओठांना लावतो.

कॅथलिक मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस यांच्यावरच्या मुख्य प्रार्थनेआधी सगळी मंडळी जे तिहेरी ‘पवित्र’ म्हणतात, ते इथून आलं आहे. अंधेरीत ते मराठीत, इंग्रजीत, कोकणीत, तमिळमध्ये म्हटलं जातं. मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये घुंगरं लावलेल्या धातूच्या चकत्या प्रार्थनेत हलवतात, तो या पंखांचाच आवाज मानला जातो.

सराफ म्हणजे जळणारा. गणनेच्या पुस्तकात रानात लोकांना डसलेल्या विषारी सापांनाही हेच नाव आहे. हा योगायोग दिसत नाही. यशयाच्या काळातल्या यहूदी मोहरांवर मिसरी धाटणीचा पंखवाला, फणा उभारलेला नाग कोरलेला सापडतो. राजाच्या डोक्यावर फणा धरून रक्षण करणारा तो नाग यशयाच्या श्रोत्यांना माहीत होता. त्याच्या दृष्टान्तातले सराफीम थोडे सापासारखे होते की पूर्ण माणसासारखे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हात होते आणि चिमटा धरता येत होता, एवढं नक्की.

एका अध्यायाचे धनी असूनही सराफीमांचं नाव मात्र दूरवर पोचलं. १२२४ साली असिसीच्या फ्रान्सिसला ला व्हेर्नाच्या डोंगरावर सहा पंखांचा सराफ दिसला आणि त्याच्या अंगावर येशूसारख्या जखमा उमटल्या, अशी परंपरा आहे. तेव्हापासून त्याच्या संघाला सराफी संघ म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर साष्टी बेटावर येऊन बोरिवलीला मंडपेश्वर लेण्यांपाशी ठाण मांडून बसले ते याच संघाचे पाद्री. गोव्याकडच्या कुटुंबांत सेराफिन, सेराफिना ही नावं आढळतात, त्यांचं मूळही त्या सहा पंखांत आहे.

नाव असलेले दोघे, की तिघे?

जुन्या दूतांनी नाव सांगायला नकार दिला होता. नावं आली फार उशिरा, बाबेलच्या हद्दपारीनंतर लिहिल्या गेलेल्या ग्रंथांत. दानीएलच्या पुस्तकात गब्रीएल दृष्टान्ताचा अर्थ समजावून सांगतो आणि मीखाएल इस्राएल लोकांचा कैवारी अधिपती म्हणून उभा राहतो. तिथे प्रत्येक राष्ट्राला जणू आपापला स्वर्गीय अधिपती आहे, आणि पृथ्वीवरची युद्धं वरही लढली जाताहेत. प्रकटीकरणात मीखाएल आपल्या दूतांसह अजगराशी लढून त्याला स्वर्गातून खाली लोटतो. चित्रांत तो चिलखत घातलेला आणि पायाखाली सैतान तुडवणारा दिसतो, तो या प्रसंगामुळे.

गब्रीएल कायम निरोप्याच राहिला. यरुशलेमच्या मंदिरात म्हाताऱ्या जखऱ्याला तो मुलगा होणार असल्याचं सांगतो. जखऱ्याला ते पटत नाही, तर गब्रीएल त्याची वाचा बंद करतो. मग काही महिन्यांनी नासरेथला मरीयेकडे जातो. मरोळ, सहार, आंबोलीसारख्या जुन्या गावठाणांच्या चर्चमध्ये सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी होणारी अँजेलसची घंटा त्या भेटीची आठवण आहे. इस्लाममध्ये तोच जिब्रील, पैगंबरांना कुराण पोचवणारा. कुराणात मीखाएलचंही नाव आहे.

गब्रीएलला आपण सर्रास महादूत म्हणतो. बायबल त्याला तसं एकदाही म्हणत नाही. नव्या करारात तो शब्दच फक्त दोनदा येतो: एकदा थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, बिननावाचा, आणि एकदा यहूदाच्या पत्रात, मीखाएलसाठी.

तिसरं नाव रफाएलचं. ते तुमच्या हातातल्या बायबलमध्ये आहे की नाही, हे ते बायबल कुणाचं आहे यावर ठरतं. कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ आहेत, प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६. ज्या सात ग्रंथांचा फरक आहे त्यांत तोबीतचा ग्रंथ येतो, आणि रफाएल फक्त तिथेच भेटतो. म्हणून एकाच इमारतीतल्या दोन ख्रिस्ती शेजाऱ्यांनी नाव असलेले देवदूत मोजले, तर एकाचे तीन भरतील आणि दुसऱ्याचे दोन, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील.

तोबीतची गोष्ट मला या सगळ्या साहित्यात सर्वांत आवडते. निनवेत राहणारा आंधळा तोबीत आपल्या मुलाला, तोबियाला, वसुलीसाठी दूर मेदी प्रांतात पाठवतो. वाटेवर सोबत म्हणून रोजंदारीवर एक वाटाड्या ठरवला जातो. मजुरी ठरते, घराण्याची चौकशी होते, घरचा कुत्राही बरोबर निघतो. वाटाड्याच्या सांगण्यावरून तोबिया नदीतला मोठा मासा पकडतो. माशाचं काळीज आणि यकृत जाळून तोबियाच्या नवरीला छळणारा भुताचा फेरा हटतो, आणि पित्ताने बापाची दृष्टी परत येते. शेवटी मजुरी द्यायची वेळ येते तेव्हा वाटाड्या सांगतो, मी रफाएल, देवासमोर उभ्या असणाऱ्या सात दूतांपैकी एक. मुलांना शिकवली जाणारी रक्षक देवदूताची कल्पना या गोष्टीने रुजवली. कॅथलिक पंचांगात २ ऑक्टोबर हा रक्षक दूतांचा दिवस, आणि त्याआधी २९ सप्टेंबरला मीखाएल, गब्रीएल, रफाएल यांचा सण.

मुंबईकराला या गोष्टीत आणखी एक ओळखीचा धागा सापडेल. कथा घडते इराणच्या दिशेला. नवरीला छळणाऱ्या त्या भुताचं, अस्मोदेउसाचं, नाव अवेस्तातल्या एश्म या क्रोधदैत्यावरून आलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पारशी परंपरेत अहुर मज्दाभोवती अमेशास्पंद आहेत. इथे देवापुढे सात दूत. यहुद्यांनी हे इराणकडून घेतलं की दोन्हीकडे आपापलं वाढलं, याचा वाद मिटलेला नाही. पण दूतांना नावं मिळाली ती यहुदी लोक बाबेलच्या आणि इराणच्या राजवटींखाली राहून आल्यानंतरच, एवढं खरं.

चौकट : बायबलमध्ये कोण काय करतं

निरोप्या दूत : माणसासारखा दिसतो, पंखांचा उल्लेख नाही. बहुतेक वेळा बिननावाचा.
करूब : राखण, सिंहासन, वाहन. पंख आहेत. यहेज्केलच्या दृष्टान्तात चार तोंडं.
सराफीम : देवाची स्तुती. सहा पंख. फक्त यशया, अध्याय ६.
मीखाएल : लढवय्या आणि कैवारी. दानीएल, यहूदाचं पत्र, प्रकटीकरण.
गब्रीएल : निरोप आणि अर्थ सांगणं. दानीएल, लूक.
रफाएल : सोबत आणि उपचार. तोबीत (कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबल).

नऊ पायऱ्या कुणी बांधल्या?

देवदूतांच्या नऊ श्रेण्या असतात, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात अनेकांनी ऐकलेलं असतं. वरून खाली: सराफीम, करूबीम, राजासने, मग अधिपत्ये, सामर्थ्ये, अधिकार, मग सत्ता, महादूत आणि सगळ्यात खाली साधे दूत. ही यादी बायबलमध्ये कुठेही सलग सापडत नाही. पौलाने कलस्सै आणि इफिस इथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत राजासने, अधिपत्ये, सत्ता, अधिकार असे शब्द येतात, पण ओघात, आणि दोन्ही ठिकाणी वेगळ्या क्रमाने. सगळं काही ख्रिस्ताच्या खाली आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

यादी लावली ती इ. स. ५०० च्या सुमारास, बहुधा सीरियात, एका ग्रीक लेखकाने. त्याने स्वतःचं नाव न सांगता दियोनुस्य हे नाव घेतलं. हा दियोनुस्य म्हणजे पौलाच्या भाषणाने अथेन्समध्ये ख्रिस्ती झालेला माणूस. चारशे-साडेचारशे वर्षांचा फरक असूनही लोकांनी ते खरं मानलं, आणि प्रत्यक्ष पौलाच्या शिष्याचं पुस्तक म्हणून त्याला हजारभर वर्षं मान मिळाला.

त्याचा विचार मात्र दर्जेदार होता. देवाचा प्रकाश एकदम सगळ्यांवर पडला तर कुणालाच सोसणार नाही, म्हणून तो टप्प्याटप्प्याने खाली येतो. आपल्या सोसायटीतलं पाणी जसं गच्चीवरच्या टाकीत आधी चढतं आणि मग वरच्या मजल्यावरून एकेक मजला खाली उतरतं, तसं. सराफीम टाकीला लागून, माणूस तळमजल्यावर. प्रत्येक मजल्याचं काम दुहेरी: वरून घ्यायचं आणि खालच्याला त्याच्या पेलवण्याइतकं द्यायचं. तीन-तीनांचे तीन गट असे नऊ, कारण तीन हा आकडा त्रैक्याचा.

या रचनेत गंमत अशी होते की सैतानाला लोळवणारा सेनापती मीखाएल शेवटून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसतो. पोप पहिला ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस क्रम थोडा बदलून स्वतःची यादी केली. दान्तेने आपल्या महाकाव्याच्या स्वर्गखंडात दियोनुस्याची बाजू घेतली आणि ग्रेगरी स्वर्गात डोळे उघडल्यावर आपल्याच चुकीवर हसला, असं लिहून टाकलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने आणखी पुढे जाऊन सांगितलं की देवदूतांना शरीर नाही, त्यामुळे एका जातीचे अनेक देवदूत असूच शकत नाहीत. प्रत्येक देवदूत ही स्वतःच एक स्वतंत्र जात.

यहुद्यांनी त्याच हिब्रू ग्रंथांवरून वेगळी मोजणी केली. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसच्या यादीत दहा श्रेण्या आहेत; यहेज्केलच्या चाकांनाही त्याने एक श्रेणी दिली आणि करूबांना वरून नवव्या जागी, जवळजवळ तळाला, ठेवलं. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाचं शास्त्र तेच आहे. एकच ग्रंथ वाचून एकाने नऊ मोजले, दुसऱ्याने दहा. माझ्या मते यावरून एवढं स्पष्ट व्हावं की पायऱ्या वाचणाऱ्यांनी बांधल्या. ग्रंथात फक्त दगड विखुरलेले होते.

मग हे गुबगुबीत बाळ कुठून आलं?

रोममधल्या भुयारी दफनभूमींत ख्रिस्ती लोकांनी काढलेल्या सुरुवातीच्या चित्रांत देवदूताला पंख नाहीत. ते दिसू लागतात चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्यांचा नमुना म्हणजे रोमनांची पंखवाली विजयदेवता. झगा तिचा, पंख तिचे. माहीमच्या चित्रातले देवदूत या घराण्यातले आहेत.

बाळाचं घराणं वेगळं. तो मुळात ग्रीक-रोमन प्रेमदेवाचा बालावतार, म्हणजे आपल्या मदनाचा चुलतभाऊ. पंधराव्या शतकात इटलीतल्या शिल्पकारांनी, विशेषतः दोनातेल्लोने, त्याला पुन्हा जिवंत केलं आणि चर्चमध्ये आणलं. हळूहळू त्यालाच लोक करूब म्हणू लागले. १५१२ च्या सुमारास राफाएल या चित्रकाराने एका माता-बालकाच्या चित्राच्या तळाशी कंटाळून वर बघणारी दोन पंखवाली पोरं काढली. मूळ चित्र जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. पोरं मात्र त्यातून सुटून बिस्किटांच्या डब्यांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत सगळीकडे पोचली. एदेनच्या दाराशी ज्वाळांच्या तलवारीबरोबर उभ्या असलेल्या राखणदाराचं हे असं झालं.

भारतात ही बाळं पोर्तुगिजांबरोबर आली. गोव्याच्या आणि उत्तर कोकणच्या जुन्या चर्चमधल्या लाकडी वेद्यांवर पंख जोडलेली नुसती मुंडकी कोरलेली दिसतात. १५८० मध्ये जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात छापील चित्रांचं बायबल घेऊन गेले, आणि मोगल चित्रकारांना हे पंखवाले पोर इतकं भावलं की जहांगीराच्या चित्रांत बादशहाच्या आसपास ते उडू लागलं.

पडलेल्यांविषयी थोडं

सैतान हा बंड करून पडलेला देवदूत, ही गोष्टही बायबलमध्ये एका जागी सांगितलेली नाही. ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारात हजर असतो आणि लोकांच्या निष्ठेवर शंका घेणं हे त्याचं काम. एदेनमधल्या सापाला तिथे सैतान म्हटलेलं नाही; ते नातं प्रकटीकरणाने जोडलं. यशयातला पहाटेचा तारा आकाशातून कोसळतो तो मुळात बाबेलच्या राजाला मारलेला टोमणा आहे. लुसिफर हे नाव त्या ओळीच्या लॅटिन रूपातून आलं. पडलेल्या दूतांची लांबलचक यादी हनोखाच्या पुस्तकात आहे, पण ते इथिओपियाच्या चर्चखेरीज जवळजवळ कुणीच बायबलमध्ये घेतलेलं नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे हल्ली मोबाइलवर फिरणारे मजकूर. अमुक वाराचा अमुक देवदूत, तुमच्या जन्मतारखेचा देवदूत, त्याचं गुप्त नाव, त्याची पत्त्यांसारखी कार्डं. ही नावं बायबलमध्ये नाहीत. कॅथलिक चर्चने तर असा उद्योग फार पूर्वीच अडवला: इ. स. ७४५ मध्ये रोमच्या धर्मसभेने अनोळखी नावांनी देवदूतांना आळवणाऱ्या एका उपदेशकाचा निषेध केला, आणि २००१ च्या व्हॅटिकनच्या मार्गदर्शिकेत मीखाएल, गब्रीएल, रफाएल वगळता देवदूतांना नावं देण्याची प्रथा नापसंत ठरवली आहे.

ज्यांना या विषयाची गोडी लागली असेल त्यांनी यहेज्केलच्या चाकांपासून सुरुवात करू नये, तोबीतपासून करावी. चौदा छोटे अध्याय आहेत, दादर-बोरिवलीच्या एका जाण्यायेण्यात होतात. फक्त बायबल विकत घेताना ते ७३ ग्रंथांचं आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्या. ६६ ग्रंथांच्या प्रतीत रफाएल, मासा आणि कुत्रा तिघेही सापडणार नाहीत.